कॅलिस्टोवरचं निळं वस्त्र

२२ जुलै १९९६, टूनगॅबी

आजपासून लिहायचं ठरवलं, कारण घरात भांडायला माणूस उरलं नाही. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्यात आणि त्यांच्यासमोर माधवचा अगदी श्रावणबाळ झालाय. शाल्मलीचं युनिचं शेवटचं वर्ष, म्हणजे लेक घरात आहे की नाही तेच कळत नाही. मग वहीशी बोलते. वही उलट उत्तर देत नाही.

आज बाउरलहून चित्र आलं. मी आणि कॅसिमिरने पॅरामॅटाला वर्कशॉप काढल्यापासून इतकं जुनं काही आमच्या दारात आलं नव्हतं. तो फ्रेमा करतो, मी जुनी चित्रं साफ करते, दुरुस्त करते. तो वसईचा, मी पुण्याची, त्यामुळे दिवसभर मराठीत वाद घालायची सोय आहे, तेवढंच सुख. तर हे तैलचित्र सोळाव्या शतकातलं, व्हेनिसच्या कुठल्यातरी मोठ्या चित्रशाळेतलं, सही नाही. मालकीण मिस लॉकहार्ट. ऐंशी पार केलेली, लग्न न केलेली, आवाज हेडमास्तरीणबाईंचा. आजीच्या काळापासून हे तिच्या जेवणघरात टांगलेलं. घरात त्याला ‘डायनाचं स्नान’ म्हणतात. डायना म्हणजे रोमन लोकांची शिकारीची देवी. ब्रह्मचारिणी आणि महाकडक. तळ्याकाठी बसलीय, भोवती सख्या, कुत्री, आणि तिचा एक हात सरळ ताणलेला, बोट रोखलेलं. जिच्यावर बोट रोखलंय त्या सखीला दोघींनी धरून ठेवलंय, आणि तिच्या छातीपासून मांडीपर्यंत जाड निळं वस्त्र.

फ्रेम सोडवताना कॅसिमिर म्हणाला, “सुनीती, ह्या सगळ्याजणी त्या निळ्या कपड्याकडे एवढ्या काय बघतायत गं?”

माझंही तेच चाललं होतं. ते निळं खोटं आहे. बाकी चित्रात कापड वाऱ्याने हलतंय आणि हे मेलं गोधडीसारखं पडलंय. शिवाय तो निळा रंगच सोळाव्या शतकात नव्हता, दीडशे-एक वर्षांनी निघाला. कुणीतरी मागाहून थापलंय. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे मी गर्वाने नाही, धंद्याने सांगते.

२९ जुलै

कॅसिमिरच्या ओळखीचा एक घोड्यांचा डॉक्टर आहे, त्याच्या मशीनवर एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाला, “नो वरीज, पेशंट लाथ मारत नाही तोवर काहीही आणा.”

निळ्याखाली पोट आहे! गोल, भरलेलं, सहा-सात महिन्यांचं. मी लाइटबॉक्सवर प्लेट लावली आणि ओरडलेच. म्हणजे हे डायनाचं स्नान नव्हेच. ही कॅलिस्टो. देवांच्या राजाने डायनाचंच रूप घेऊन हिला फसवलं. हिने महिनोन्‌महिने लपवलं, आणि एक दिवस सगळ्या आंघोळीला उतरल्या तेव्हा ही कपडे काढेना. सख्यांनी ओढून काढले. डायनाने बोट दाखवलं: चालती हो माझ्या पाण्यावरून. हेच ते चित्र. कुणातरी सोवळ्या माणसाने पोट झाकलं आणि गोष्टच मेली.

आणखी एक गंमत एक्स-रेत दिसली. डायनाचा हात आधी वेगळा होता. खाली, तळवा उघडा. मग चित्रकाराचा विचार बदलला आणि त्याने तो वर उचलून बोट रोखलं. असं होतं, चित्रकार चुका करतात.

मिस लॉकहार्टला फोन केला. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “काढा ते निळं. पण खाली चित्र खराब निघालं तर ते मला दाखवायला आणू नका.” इथल्या उन्हाळ्यातल्या, म्हणजे डिसेंबरातल्या, मोठ्या प्रदर्शनात चित्र जायचंय. खाली रंग उडालेला असला तर माझं नाव गेलं. कॅसिमिर म्हणाला, “राहू दे ना. झाकलं असेल कुणीतरी विचार करून.” मी म्हटलं, “झाकलेलं उघडं करणं हाच माझा धंदा. खरं ते दिसलंच पाहिजे.”

३ ऑगस्ट

जेवताना सासूबाईंनी विचारलं, काय गं एवढं त्या चित्रात. सगळी गोष्ट सांगितली. डायनाने हाकलल्यावर दुसऱ्या एका देवीने तिचं अस्वल केलं, पोर रानात वाढलं, ते सगळं. सासूबाई भाताचा घास हातात धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तिची आई कुठे होती?”

“गोष्टीत आईच नाही, आई.”

“असं कसं? मुलीला आई नाही?”

आता रोमनांच्या पुराणाचा जाब मी देऊ? मग मी उत्साहाने सांगितलं की वरची धूळ काढायला सगळ्यात उत्तम औषध म्हणजे थुंकी. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. खरंच, जगभर असंच करतात. सासूबाईंनी पान बाजूला सारलं. “देवीला उष्टं लावतेस?” माधव हसून हसून बेजार.

शाल्मली मात्र अर्ध्यात उठली. माझ्या कपड्यांना अ‍ॅसिटोनचा वास येतो म्हणे. लहानपणी ह्याच वासाने माझ्या मांडीवर येऊन झोपायची. आता फोडणीचासुद्धा वास सहन होत नाही बाईसाहेबांना. काय ते नखरे.

२८ ऑगस्ट

आज नारळी पौर्णिमा, राखी. आणि आज मी जरा हुशारी केली.

कॅसिमिरचा वेस्ली चांगला मुलगा आहे. इंजिनिअरिंग संपत आलंय, अर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारनंतर, एका हार्डवेअरच्या दुकानात काम करतो, शाल्मलीला स्टेशनवर सोडतो, आणतो. पण जरा जास्तच सोडतो आणि आणतो. बोलण्यापेक्षा राखी बरी, कुणाचा अपमान नाही, कुणाला शंका नाही. आमच्या वेळेला आळीत हेच करायचे. म्हणून वेस्लीला नारळीभाताला बोलावलं आणि ताट तयार ठेवलं.

शाल्मलीने राखी बघितली आणि पांढरीफटक पडली. “मम, प्लीज डोन्ट.”

“अगं, भावासारखाच आहे ना तो?”

“नो, ही इज नॉट!” आणि तोंडावर हात धरून बाथरूममध्ये पळाली. ओकारीचा आवाज बाहेर येत होता. युनित काय वाटेल ते खाते, दुसरं काय. वेस्ली बिचारा खुर्चीवर असा बसला होता की जणू दात काढायला आलाय.

सासूबाई एकदा बाथरूमच्या दाराकडे बघत होत्या, एकदा वेस्लीकडे. मग उठल्या, ताट ओढलं आणि म्हणाल्या, “मला इथे भाऊ नाही कुणी. मी बांधते. पुढे कर रे हात.” आणि खरंच बांधली! पंच्याहत्तरीच्या बाईला बावीस वर्षांचा भाऊ! वेस्लीने त्यांना वाकून नमस्कार केला. मला रागही आला आणि हसूही. म्हातारपणी माणसाचं काय होईल सांगता येत नाही.

६ सप्टेंबर

शाल्मलीच्या कपाटात माझा राखाडी स्वेटर शोधत होते. तर मागे हिरवा खण, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ. सासूबाईंची करामत. गौरी-गणपतीची तयारी त्यांनी नातीच्या कपाटात लपवून ठेवलीय, कारण माझ्या कपाटात म्हणे रंगाचा वास येतो. नारळ स्वयंपाकघरात आणून ठेवला. इथे चांगला पाण्याचा नारळ मिळतो कुठे?

निळ्याचा पहिला तुकडा निघाला, रुपयाएवढा. खाली त्वचा आहे! उबदार, गुलाबी, अगदी ठणठणीत. कॅसिमिरला हाक मारून दाखवलं.

१६ सप्टेंबर

गणपती बसले. मोदक झकास झाले, त्या कपाटातल्या नारळाचे. ते कळल्यावर सासूबाई माझ्यावर ज्या काही उखडल्या! “तो नारळ कुणाचा होता ते विचारायचंस तरी!” मी म्हटलं, “आई, देवाचा नारळ देवालाच गेला.” नैवेद्य झाल्याबरोबर त्यांनी शाल्मलीला समोर बसवलं आणि एकामागोमाग एक मोदक खायला लावले. “तुझेच आहेत, खा.” ह्या वयात असलं लहान मुलासारखं रुसणं. काय म्हणावं आता?

रात्री मराठी मंडळातले दहा-बारा जण जेवायला होते. विषय निघाला माझी मैत्रीण चित्रा, तिच्या मुलीचा, अनन्याचा. ती ब्रिस्बेनला एका ऑसी मुलाबरोबर राहते, लग्न नाही काही नाही, आणि आता दिवस गेलेत. चित्रा आजकाल मंडळात येत नाही. सगळ्या अरेरे, अरेरे करत होत्या. मला असलं मऊ मऊ बोलणं जमत नाही. मी स्पष्ट म्हटलं, “माझ्या घरात असं झालं तर मी दार दाखवीन. लाड म्हणजे लाड आणि निर्लज्जपणा म्हणजे निर्लज्जपणा.” मग कुणीतरी वरण मागितलं.

बोलले ते खरंच आहे. तरी आता लिहिताना वाटतंय, चित्राची आणि माझी एवढी जुनी मैत्री, एक फोन करायला हवा. शाल्मलीने पान तसंच टाकलं होतं. माझे शब्द तिच्या मैत्रिणीला लागले म्हणून रुसली असेल.

२७ सप्टेंबर

मॅगपाय पक्ष्याने आज स्टेशनच्या वाटेवर डोक्यावर झडप घातली. त्यांचे अंड्यापिल्लांचे दिवस, जाणाऱ्या-येणाऱ्याला टोचत सुटतात.

माधवने गुरुवारी रजा टाकली. गाडीचं सर्व्हिसिंग होतं म्हणाला, शाल्मलीलाही बरोबर नेलं. गाडी होती तशीच मळकी. संध्याकाळी दोघं बापलेक आणि सासूबाई स्वयंपाकघरात हळूहळू बोलत होते, मी गेले तर गप्प. माझ्या पन्नाशीची पार्टी ठरवत असणार. मला पार्ट्या आवडत नाहीत हे ह्यांना कधी कळणार?

९ ऑक्टोबर

शाल्मली आपण होऊन वर्कशॉपला आली. वर्षभरात आली नव्हती. बापाच्या मापाचा चौकडीचा फ्लॅनेलचा शर्ट, खाली ढगळ पँट. आजकालची फॅशनच भिकाऱ्याची.

पोट अर्ध्याहून जास्त मोकळं झालंय. ती चित्रासमोर खूप वेळ उभी होती. मी मायक्रोस्कोपखाली स्कालपेलच्या बारीक पात्याने निळ्याचे कण उचलत होते. तिने विचारलं, “हाकलल्यावर ती कुठे गेली?”

“रानात. हे बघ, ही सावली बघ पोटाखालची, किती पातळ थर आहेत.”

“एकटी?”

“एकटीच. त्याशिवाय गोष्ट कशी होणार?”

ती स्टुलावर बसून संत्रं सोलायला लागली. मग म्हणाली, “मम, कॅन आय टेल यू समथिंग?”

मी म्हटलं, “एक मिनिट गं राणी, द्रावक वाळतोय, आत्ता सोडलं तर डाग पडेल.” एक मिनिटाची दहा झाली असतील. मान वर केली तर गेलेली. स्टुलावर संत्र्याच्या साली. कॅसिमिर दाराशी उभा होता, माझ्याकडे बघत होता. “सुनीती,” म्हणाला, “पोरीला आधी ऐकायचं होतंस.” मी म्हटलं, “पैसे हवे असतील, घरी मागेल.”

पण तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. काहीतरी आहे. नापास झालीय की काय?

१० ऑक्टोबर

आज मी चूक केली. लक्ष नव्हतं, बोळा एकदा जास्त फिरला आणि पोटाच्या कडेची मूळ सावली उचलली गेली. नखाएवढी. चारशे वर्षं टिकलेली गोष्ट माझ्या हाताने गेली. बाथरूममध्ये जाऊन रडले. कॅसिमिरने चहा केला. उद्या तेवढी जागा रंगाने मिळवून घेईन, कुणाला दिसणार नाही. मला मात्र दिसेल.

२४ ऑक्टोबर

निळं संपलं. सगळं निघालं. कॅलिस्टो उघडी उभी आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही इतकी ती घाबरलेली आहे. वस्त्र होतं तेव्हा तिचा चेहरा लाजल्यासारखा वाटायचा. तो लाजरा नाहीच. ती मार चुकवणाऱ्या माणसासारखी मान घालून उभी आहे.

मिस लॉकहार्ट बघायला आली. काठी टेकून अगदी जवळ गेली. ती म्हणाली, “म्हणजे त्या सगळ्याजणी हे बघत होत्या तर! लहानपणी जेवताना रोज वाटायचं, ह्यांना काय दिसतंय जे मला दिसत नाही?” मग रुमाल काढून नाक पुसलं आणि माझा हात दाबला. जिंकलं मी!

ती गेल्यावर कॅसिमिर म्हणाला, “आपल्याला बोलायला हवं. मी, तू, कॅरोलिन, माधव. सगळ्यांनी.” कॅरोलिन म्हणजे त्याची बायको. मी म्हटलं, भागीदारी सोडतोयस का? तर म्हणाला, “छे गं. मी शब्द दिलाय, त्यामुळे मला आधी बोलता येत नाही.” कुणाला शब्द दिला, कसला? सगळ्यांना माझ्याबद्दल काहीतरी माहीत आहे आणि मलाच नाही, असं वाटायला लागलंय. मला काही आजार तर नाही ना? डॉक्टरांनी माधवला सांगितलं असेल?

२ नोव्हेंबर

उकाडा सुरू झाला आणि पोरगी अजून फ्लॅनेलमध्ये. डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतेय. आज लाज सोडून तिची बॅग उघडली. ड्रग्ज असतील अशी भीती होती. निघालं काय, तर व्हिटॅमिनच्या आणि फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. हुश्श. तब्येतीची काळजी घेतेय म्हणायची. वजनही जरा धरलंय, चांगलंच आहे.

तरी झोप नाही. माझी मुलगी मला घाबरते का? हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला. घाबरायला मी काय राक्षसीण आहे?

१० नोव्हेंबर, नरकचतुर्दशी. सकाळ

हाताच्या तेलाचे डाग पडताहेत पानावर. पडू देत.

पहाटे उठून लाँड्रीत, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीत, पाट मांडला, रांगोळी घातली, तेल कोमट केलं, उटणं भिजवलं. कारीट इथे कुठलं, दरवर्षी आम्ही पायाखाली छोटा टोमॅटो फोडतो. माधवचं झालं. शाल्मलीला हाक मारली तर सासूबाई पुढे. “तिला यंदा मी लावते तेल.”

“नाही आई. दरवर्षी मीच लावते.”

“सुनीती, ऐक माझं. मी लावते.”

मला कसला चेव चढला कोण जाणे. माझी मुलगी, माझा हात, वर्षातून एकदा ती माझ्याजवळ बसते, तेही हिला हवं! मी म्हटलं, “तुम्ही बाजूला व्हा.” शाल्मली आली, पाटावर बसली, तोच शर्ट. डोक्याला तेल घातलं. तिचे केस माझ्यासारखेच दाट. मान चोळली, खांदे चोळले. “शर्ट काढ गं, पाठीला लावू दे.”

“नको.”

“आईपुढे कसली लाज?”

“मम, नो. प्लीज.” ती गुडघे छातीशी घेऊन बसली, शर्ट दोन्ही हातांनी धरून.

आणि मी ओढला. तेलाच्या हातांनी, हसत हसत, ती लहान असताना ओढायचे तसा. बटणं तुटली. माझा हात सरळ तिच्या पोटावर गेला.

ह्या हातांना कॅनव्हासमधला केसाएवढा फुगवटा कळतो. मला विचारावंही लागलं नाही.

मान वर केली तेव्हा माधव दारात होता. त्याला धक्का बसला नव्हता. सासूबाईंना बसला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही. शाल्मलीने मान घातली. ती मान मी ओळखते. गेले महिनोन्‌महिने मी तीच साफ करत होते.

“पाच महिने झाले,” ती म्हणाली. “वेस्लीचं आहे. आम्ही लग्न करणार आहोत, जानेवारीत, आजी जायच्या आधी. मला हे बाळ हवंय. मी तुला सांगणार होते.”

मी काय करायला हवं होतं ते आता शंभर वेळा कळतंय. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त गणपतीचं जेवण होतं, ते दहा-बारा चेहरे. सगळ्यांना माहीत होतं, नवऱ्याला, सासूला, भागीदाराला, आणि मी मूर्ख ताटात राखी ठेवून बसले होते. माझा हात वर गेला. दाराकडे. बोटावरून तेल गळत होतं. मी म्हटलं, “चालती हो.”

ती उठली. तसाच शर्ट गुंडाळला, केसांतून तेल ओघळतंय, पायात सपाता. गेली. माधवने किल्ल्या घेतल्या. ह्या माणसाने आजवर मला उलट शब्द बोललेला नाही. आज म्हणाला, “तिला सोडून येतो. तू इथेच थांब आणि आपला हात बघ.”

बघितला. अजून वरच होता.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सकाळचं पुढे लिहायलाच हवं, नाहीतर झोप लागायची नाही.

माधव गेल्यावर मी लाँड्रीत खाली बसले. सासूबाई पाटावर बसल्या, शाल्मलीच्या पाटावर. मला वाटलं समजूत घालतील. कसली समजूत!

“चोरओटी मी भरली तिची,” त्या म्हणाल्या. “तिसरा सरता सरता. भरायची आईने असते. आई चित्र बघत होती.”

मला तो नारळ आठवला. खण, तांदूळ, हळकुंड. मराठी घरात जन्मलेल्या बाईला ते बघून कळू नये? पोटातल्या जिवासाठी गुपचूप भरलेली ओटी, आणि मी तिचे मोदक केले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते मीच.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू भर पंगतीत दार दाखवत होतीस. दार दाखवणाऱ्याला कोण सांगतं?”

“तुम्हाला नाही वाटलं काही? लग्नाआधी, ख्रिश्चन मुलगा...”

“वाटलं की. दोन दिवस जेवले नाही मी. तुला कळलं का ते? ‘आईंचा उपास’ म्हणालीस.” त्यांचा आवाज फाटला. “माझ्या बहिणीला घातली होती बाहेर, सुनीती. असंच. परत नाही दिसली. मी तेव्हा दाराआड उभी होते आणि गप्प होते. ह्या वेळी नाही राहायचं ठरवलं.”

त्या उठल्या, उटण्याची वाटी माझ्यासमोर ठेवली. “ऊन वर आलं. तेल लावलेली पोर आजच्या दिवशी न न्हाता बाहेर गेली, ती तुझ्या हातून. आता काय ते तू बघ.”

मी रडले. चांगली रडले. राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही, पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती भीती अशी की ती जाईल, खरोखरच जाईल, ब्रिस्बेनला, कुठेही, आणि मी मंडळात ताठ मानेने बसेन. एक्स-रेमधला तो पहिला हात डोळ्यांसमोर आला, खालचा, उघडा. मी त्याला चूक म्हटलं होतं.

वर्कशॉपची व्हॅन काढली. सेव्हन हिल्सला कॅसिमिरचं घर, जवळच. वाटी मांडीत धरून एका हाताने गाडी चालवली, उटणं साडीभर सांडलं. दार वेस्लीने उघडलं. बिचाऱ्याचा चेहरा पार उतरला. “आंटी, आय अ‍ॅम सो सॉरी, मी...”

“आईंनी राखी बांधलीय, रीतीने तू माझा मामेसासरा आहेस. आज पाया पडायला लावू नकोस, बाजूला हो. पाणी गरम आहे का?”

कॅरोलिन आतून आली, तिने माझ्या हातातली वाटी बघितली आणि काही न विचारता बाथरूमचं दार उघडलं. गीझर चालूच होता. माधव आणि कॅसिमिर स्वयंपाकघरात चहाचे मग घेऊन शाळेतल्या पोरांसारखे उभे. कॅसिमिर म्हणाला, “मी शब्द दिला होता गं.” मी म्हटलं, “तुझ्याशी उद्या भांडते.”

शाल्मली टबच्या काठावर बसली होती, अंगावर टॉवेल, तेल तसंच. मला बघून आक्रसली. माझ्यामुळे. ते मी बघितलं, आणि जन्मभर बघत राहीन.

मला भाषण करायचं होतं, वाटेत जमवलं होतं. ते तसंच राहिलं. पदर खोचला, गरम पाणी बादलीत सोडलं, कोपराने बघितलं. वाटीत उरलेलं उटणं भिजवलं. पाठीला लावलं, दंडांना लावलं. पोटाला लावताना मी थांबले. सगळ्यात हलका हात, जो फक्त कॅलिस्टोला लावते, तो लावला. ती रडायला लागली, आवाज न करता, लहानपणी रडायची तशी, खालचा ओठ दाबून.

“आई,” ती म्हणाली. मम नाही म्हणाली. “रागावलीयेस?”

“खूप. डोळे मीट, उटणं जाईल.”